स्विफ्टला १४ ऐवजी १५ किंवा १६ इंची मॅगव्हील: घेण्याआधी काय काय तपासू?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी,

माझी २०१९ची स्विफ्ट व्हीएक्सआय आहे, पेट्रोल. लोखंडी डिस्क, १६५/८० आर१४ टायर. ५२ हजार किमी झाले आणि चारही टायर गोटा झालेत. नवे घ्यायचेच आहेत, तर सोबत मॅगव्हीलही (लोखंडी डिस्कऐवजी अलॉयची चाकं) घेऊन टाकावेत असं मनात आहे. साताऱ्यातल्या एका दुकानात दोन पर्याय मिळाले. एक म्हणजे नवे १६ इंची, ७ इंच रुंद, ईटी ३८, त्यावर १९५/५५ आर१६ टायर. दुसरा म्हणजे कुणीतरी स्विफ्ट झेडएक्सआय प्लसवरून, म्हणजे स्विफ्टच्याच वरच्या प्रकारावरून, काढून विकलेले कंपनीचे १५ इंची. त्यांना टायर वेगळे घ्यावे लागतील.

दिसायला १६ इंची फार सुंदर आहेत. दुकानदार म्हणतो, "चार बाय शंभर आहे मॅडम, डोळे झाकून बसेल." पण महिन्यातून दोनदा मी आई-बाबांना घेऊन कुंभार्ली घाटातून चिपळूणला जाते, भर पावसातसुद्धा, त्यामुळे मला डोळे उघडे ठेवूनच घ्यायचे आहेत. चार बाय शंभर जुळलं की सगळं जुळलं, हे खरं का?

दहाचा_पाना

नाही, ताई. चार बाय शंभर याचा अर्थ इतकाच, की चार नटांची भोकं १०० मिमी व्यासाच्या वर्तुळावर आहेत. याला पीसीडी म्हणतात. स्विफ्ट, आय२०, होंडा सिटी, सगळ्या चार बाय शंभर. पण मधलं मोठं भोक, म्हणजे सेंटर बोअर, स्विफ्ट आणि आय२०चं ५४.१ मिमी, तर सिटीचं ५६.१. बाजारातले नवे मॅगव्हील बऱ्याच गाड्यांना चालावेत म्हणून ७३.१ सारखं मोठं भोक ठेवतात. मग हबवर, म्हणजे गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं त्यावर, चाक नेमकं मधोमध बसायला हब रिंग लागते, तुमच्यासाठी ७३.१ ते ५४.१ची. दुकानदाराने रिंगचा विषय काढला होता का? नसेल, तर तुम्ही काढा.

आता टायरची उंची. १६५/८० आर१४ म्हणजे रुंदी १६५ मिमी, बाजूची भिंत रुंदीच्या ८० टक्के म्हणजे १३२ मिमी, आणि रिम (टायर चढतो ते धातूचं चाक) १४ इंच म्हणजे ३५५.६ मिमी. दोन्हीकडच्या भिंती धरून चाकाचा व्यास ६१९.६ मिमी होतो. त्याच हिशेबाने १५ इंचीवरचा १८५/६५ आर१५ येतो ६२१.५ मिमी आणि १९५/५५ आर१६ येतो ६२०.९. म्हणजे दोन्ही पर्याय उंचीला जवळपास सारखेच, स्पीडोमीटरही बिघडणार नाही. पण कुणी १९५/६५ आर१५ गळ्यात मारायला लागलं तर घेऊ नका. तो ६३४.५ होतो, अडीच टक्क्यांच्या आसपास मोठा, आणि स्टीअरिंग पूर्ण वळवल्यावर मडगार्डच्या अस्तराला घासू शकतो.

तिसरी गोष्ट भार. तुमच्या टायरवर आकारापुढे ८५ असेल, म्हणजे एका टायरला ५१५ किलो. नव्या टायरचा आकडा यापेक्षा कमी नको. ८७ म्हणजे ५४५, ८८ म्हणजे ५६०.

सह्यकडा

मी हे भोगलंय म्हणून लिहितो. दोन वर्षांपूर्वी माझ्या स्विफ्टला दुसऱ्या कंपनीच्या सेडानचे जुने मॅगव्हील घातले. चार बाय शंभर, १५ इंची, जणू स्विफ्टसाठीच बनवलेत असे बसले. हायवेला ८०च्या पुढे गेलो की स्टीअरिंग थरथरायचं. दोनदा बॅलन्सिंग केलं, एकदा अलाइनमेंट, तरी फरक नाही. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी चाक उतरवून मला उजेडात नेऊन दाखवलं. नट जिथे टेकतो ती वाटी पूर्ण घासलेली दिसायला हवी होती, तिथे केसाएवढी एकच चकचकीत रेघ होती. त्या चाकांना गोल बुडाचे नट लागतात आणि सुझुकीचे नट निमुळते असतात. शंकू वाटीत टेकला तर कडेलाच टेकणार. वर बोअर ५६.१, म्हणजे हबवर दोन मिलिमीटर ढिला. नुसत्या त्या रेघेवर आमचं सगळं कुटुंब मी गोव्याला नेऊन आणलं होतं, हे आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

नटांचे आटेही बघा. सुझुकीचे १२ बाय १.२५, पण बऱ्याच कंपन्यांचे १२ बाय १.५. हाताने फिरवताना नट अडला तर पान्याने जोर लावू नका, आटे खराब होतील. मॅगव्हीलची तबकडी लोखंडी डिस्कपेक्षा जाड असते, म्हणून नट किमान सात-आठ फेरे आत गेला पाहिजे. मोजूनच घ्या.

कोयनाकाठ

बाप रे. मनापासून आभार, सह्यकडा. तुम्ही लिहिलं नसतं तर नटाचं टोक कुणी बघितलं असतं? आता ईटीचं सांगा कुणीतरी. दुकानदार म्हणाला, "ईटीने काही होत नाही, जरा बाहेर दिसेल एवढंच."

दहाचा_पाना

होतं. ईटी म्हणजे चाकाच्या मध्यरेषेपासून हबला टेकणारा भाग किती मिमी बाहेरच्या बाजूला आहे तो आकडा. तो जितका कमी, तितकं चाक गाडीच्या बाहेर सरकतं. तुमच्या डिस्कच्या मागच्या बाजूला ठोकलेला असतो, माती पुसून वाचा. समजा तिथे ५ इंच रुंदी आणि ईटी ४५ निघाला, आणि नवा ७ इंच, ईटी ३८ आहे. रुंदी दोन इंचांनी वाढली, म्हणजे दोन्हीकडे २५-२५ मिमी. शिवाय ईटी ७ने कमी, म्हणून बाहेरची कड ३२ मिमी बाहेर येईल आणि आतली १८ मिमी आत जाईल. बोटाच्या दोन पेरांइतकी रिम बाहेर! बेअरिंगवर ताण वेगळा, स्टीअरिंग जड, आणि चिखल उडून दारं भरणार ते वेगळंच.

१९५/५५ टायरला साडेपाच ते सात इंच रुंदीची रिम चालते, म्हणजे सात ही शेवटची हद्द. टायर त्यावर ताणलेला बसतो आणि रिमची कड उघडी पडते. पहिल्याच खड्ड्यात ती कड वाकेल.

जागा किती आहे हे घरीच मोजता येतं. गवंड्याचा ओळंबा घ्या, मडगार्डच्या कमानीच्या वरच्या कडेवरून चाकाच्या मध्याशी सोडा. दोरीपासून टायरच्या बाहेरच्या भिंतीपर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. ते ३२ मिमीच्या वर आरामात नसेल तर तो पर्याय तिथेच संपला. पुढे आणि मागे, चारही चाकांना मोजा, कारण पुढचं आणि मागचं अंतर वेगळं निघतं.

रानवारा

ओळंब्यासोबत कणीकही आणा. मॅगव्हीलचे आरे आतून ब्रेकच्या कॅलिपरला (ब्रेकची तबकडी पकडणारा चिमटा) लागतात का, ते बाहेरून दिसत नाही. मी लिंबाएवढा कणकेचा गोळा कॅलिपरच्या सगळ्यात फुगीर भागावर चिकटवला, चाक बसवून नट हाताने आवळले, जॅकवरच एक फेरा सावकाश फिरवला आणि चाक काढलं. कणकेचा जो थर उरला तेवढी जागा. माझा साडेचार मिमी भरला. तीनच्या खाली आला तर ते मॅगव्हील परत करा. कणीक नंतर नीट पुसून काढा, कॅलिपर तापतो.

आणि शेवटी टायरची हवा भरून, मागे तीन माणसं बसवून, स्टीअरिंग दोन्ही टोकांना वळवून गतिरोधकावरून हळू जा. रिकाम्या गाडीत न घासणारं चाक भरल्या गाडीत घासतं. आई-बाबांना त्या दिवशी सोबत न्याच.

इंजिनाचा_सूर

१६ला सरसकट वाईट म्हणू नका एवढीच विनंती. माझ्या बलेनोला कंपनीनेच १९५/५५ आर१६ दिलाय आणि वळणावर गाडी छान धरून राहते. प्रश्न १६ इंचांचा नाही, त्या सात इंच रुंदीचा आणि ईटी ३८चा आहे.

मात्र कुंभार्ली म्हणालात म्हणून सांगतो. रबराची भिंत १४ला १३२ मिमी, १५ला १२०, १६ला १०७. पावसात पाण्याखालचा खड्डा दिसत नाही, आणि तिथे ही पंचवीस मिलिमीटर रिम वाचवतात. मी तुमच्या जागी असतो तर १५ घेतला असता.

वकिली_चष्मा

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी न जुळणारे बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. म्हणून त्याच मॉडेलच्या वरच्या प्रकारात कंपनीने दिलेला आकार हा सगळ्यात निर्धोक रस्ता. स्विफ्टला तो १८५/६५ आर१५. दुसरं काही घातलं तर विमा कंपनीला लेखी कळवा आणि बिल जपून ठेवा.

दहाचा_पाना

जुने मॅगव्हील घेत असाल तर एकच करा, बॅलन्सिंग मशीनवर टायर न चढवता चारही रिकामे फिरवून बघा. कडेजवळ बोट स्थिर धरलं की वाकलेली रिम लगेच कळते. आतली कड जास्त वेळा वाकलेली असते आणि विकणारा बाहेरची दाखवतो. वेल्डिंग केलेलं दिसलं तर हात लावू नका. टायरवरचा चार आकडी शिक्काही वाचा, २३२५ म्हणजे २०२५चा तेविसावा आठवडा.

कोयनाकाठ

मंडळी, झालं!

ओळंबा शेजारच्या बांधकामावरून मागून आणला. मागच्या चाकाला दोरी ते टायर २१ मिमी भरले, म्हणजे १६ इंचीचा निर्णय तिथेच झाला. मन थोडं खट्टू झालं, खोटं कशाला बोलू.

मग १५ इंची बघितले. चारातला एक मशीनवर आतल्या बाजूने डोलत होता, तो परत केला आणि दुसरा मिळाला. बोअर व्हर्नियरने मोजला, ५४.१. नट निमुळते, माझेच जुने चालले, नऊ फेरे आत गेले. टायर १८५/६५ आर१५, ८८ एच (८८ भाराचा आकडा, एच वेगमर्यादेचं अक्षर). स्टेपनी जुनीच १४ची ठेवली आहे. व्यासात दोनच मिमीचा फरक, त्यामुळे पंक्चरवाल्यापर्यंत सहज जाता येईल.

काल चिपळूणला जाऊन आले. मागे आई, बाबा, मावशी आणि डिकीत तांदळाचं पोतं. कुठेही घासलं नाही. कोयनानगरला चहाला थांबलो तेव्हा चाकं निवू दिली आणि टॉर्क पान्याने (ठरावीक जोरानेच आवळता येणारा पाना) सगळे नट पुन्हा तपासले. उजव्या पुढच्या चाकाचा एक नट पाव फेरा आवळला गेला.