ससा खात नाही, लेंड्याही बारीक झाल्या आहेत

प्रश्न:
आमचा ससा काल संध्याकाळपासून काहीही खात नाही. एरवी कोथिंबिरीची जुडी सोडण्याचा आवाज ऐकताच धावत येणारा हा प्राणी आज अंग आक्रसून कोपऱ्यात बसला आहे आणि मधूनमधून करकरा दात खातो आहे. पिंजऱ्यात सापडलेल्या मोजक्या लेंड्या मिऱ्याएवढ्या असून काही केसांनी एकमेकींना जोडलेल्या आहेत. त्याचा आहार म्हणजे दुकानातला गोळीखुराक, गाजर आणि कधीमधी पोळी. घरात उरलेले माणसांचे अमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक पाण्यातून द्यावे, असे एका परिचितांनी सुचवले आहे. ते द्यावे, की उद्यापर्यंत वाट पाहावी?

उत्तर १:
कृपया उद्यापर्यंत थांबू नका आणि अमॉक्सिसिलिन तर मुळीच देऊ नका. सशाच्या मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला असलेल्या पिशवीत उपयुक्त जिवाणू गवतातील तंतू आंबवून त्याला पोषण मिळवून देतात. अमॉक्सिसिलिनसारखे पेनिसिलिन गटातील औषध तोंडावाटे गेले की हे जिवाणू मरतात, क्लॉस्ट्रिडियमसारखे विष तयार करणारे जिवाणू माजतात आणि त्यातून ससा दगावू शकतो. तुम्ही सांगितलेली लक्षणे आतड्यांची हालचाल मंदावल्याची आहेत, आणि दहा-बारा तास ससा जेवला नाही तर ती तातडीची अवस्था समजतात. त्याचे तापमान साधारणपणे ३८.५ ते ४० अंश सेल्सिअस असते. कान थंडगार लागत असतील, तर कोमट पाण्याची बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून शेजारी ठेवा आणि त्याच स्थितीत दवाखान्यात न्या. निघण्यापूर्वी तिथे सशांवर उपचार होतात का, हे फोनवर विचारून घ्या, कारण अनेक ठिकाणी कुत्र्या-मांजरांचाच अनुभव असतो.

उत्तर २:
वरील सल्ल्याशी मी पूर्ण सहमत आहे. पोट फुगून टणक लागत असेल, तर सिरिंजने बळेच भरवू नका. आतड्यात अडथळा असू शकतो, आणि सशाला उलटी करता येत नाही, त्यामुळे आत साठलेले वरच्या वाटेने बाहेर पडू शकत नाही. डॉक्टरांना एक्स-रे काढण्याबरोबरच दाढाही तपासायला सांगा. सशाचे दात आयुष्यभर वाढतात, आणि गवत चावून झिजले नाहीत तर त्यांची टोके जिभेला किंवा गालाला टोचतात. त्या वेदनेनेच जनावर खाणे सोडते, मग आतडी थंडावतात. म्हणून वेदनाशामक औषध हा उपचाराचा मुख्य भाग असतो, हे लक्षात असू द्या.

उत्तर ३:
तो बरा झाल्यावर पोळी कायमची बंद करा, गाजर क्वचित एखादी चकती द्या, आणि आहाराचा मोठा भाग सुक्या गवताचा ठेवा. परदेशी टिमोथी गवत महाग पडते. फवारणी न झालेली, वाळवलेली हरळी किंवा ओटचे गवत चालते. लसूणघासात (अल्फाल्फा या चाऱ्यात) कॅल्शियम फार असते, त्यामुळे वाढत्या पिल्लांना तो ठीक, मोठ्या सशाला रोज नको. बदल मात्र हळूहळू करा. पहाटे मऊ, चकचकीत लेंड्यांचा घोस दिसला तर जुलाब समजून घाबरू नका. ससा त्या स्वतःच खातो आणि त्यातून त्याला ब जीवनसत्त्वे मिळतात. त्या न खाता तशाच पडून राहू लागल्या, तर मात्र गोळीखुराक कमी करून पाहा.