कळांची नाही, त्या खोलीची भीती
बरेच जण म्हणतात की आजकालच्या मुलींना कळा सोसायच्या नसतात म्हणून त्या गरज नसताना सिझर मागतात. मुहूर्त काढून सिझर करणारे आमच्या जळगावकडेही आहेत, ते नाकारत नाही, पण सगळ्यांना त्यात नका घालू. माझ्या वहिनीची पहिली डिलिव्हरी नॉर्मलच झाली, चोपड्याकडे, मे महिन्यातली, रात्रभर कळा, तिची माय बाहेर बाकड्यावर आणि ही आत एकटी, पाणी मागितलं तरी ओरडा, टाके घालताना नीट बधिरसुद्धा केलं नाही. दुसऱ्या वेळी सातवा लागला तेव्हाच म्हणाली, पोट फाडा पण त्या खोलीत मला परत एकटीला पाठवू नका.

आणि हे कोणी सांगत नाही म्हणून सांगते, सरकारी दवाखान्यात कळांच्या वेळी घरची एक बाई, जिचं स्वतःचं बाळंतपण झालंय अशी, सोबत थांबू शकते, केंद्र सरकारने 2016 मध्येच तशी परवानगी दिलीये. वहिनीला, तिच्या मायला, आम्हाला कोणालाच हे माहीत नव्हतं. कोणाची तारीख जवळ आली असेल तर आधीच जाऊन विचारून ठेवा, माय नाहीतर मावशी, कोणीतरी हात धरायला आत असू द्या.