बी.ए.एस.एल.पी.नंतर एम.एस्सी.: ऑडिओलॉजी घ्यावी की स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजी?

नाशिकरोड_वाचाश्रवण:
नमस्कार. मी इंटर्नशिपसह बी.ए.एस.एल.पी.ची (श्रवण आणि वाचा-भाषा या विषयांच्या पदवीची) चार वर्षे पूर्ण केली असून सध्या नाशिकमध्ये कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या एका दवाखान्यात काम करते. सकाळी ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) आणि श्रवणयंत्रांचे फिटिंग, तर संध्याकाळी उशिरा बोलू लागलेल्या मुलांची स्पीच थेरपी, अशी दोन्ही कामे मी करते आणि दोन्ही मला मनापासून आवडतात. एम.एस्सी.साठी मात्र ऑडिओलॉजी (श्रवण) आणि स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजी (वाचा-भाषा) या दोन वेगळ्या पदव्या असल्याने एकच वाट निवडावी लागेल. मैसूरूची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था किंवा वांद्र्याची अली यावर जंग संस्था येथे प्रवेशासाठी प्रयत्न करणार आहे. शिक्षणानंतर नाशिकलाच परतायचे, हे नक्की आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

सातपूर_ऑडिओलॉजिस्ट:
ताई, सातपूर-अंबडच्या कारखान्यांत वर्षानुवर्षे प्रेस मशीनवर काम केलेला कामगार "आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत" अशी तक्रार घेऊन येतो, तेव्हा त्याच्या ऑडिओग्रामवर (ऐकण्याच्या आलेखावर) ४००० हर्ट्झपाशी पडलेली खाच, म्हणजे गोंगाटाने झालेल्या हानीची खूण, ओळखण्यास पदवीचे शिक्षण पुरेसे असते. एम.एस्सी.चा खरा कस लागतो तो चाचण्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत तेव्हा. समजा, एखाद्या तान्ह्या बाळाची ओ.ए.ई. चाचणी (आंतरकर्णातून उमटणारे सूक्ष्म ध्वनी मोजणारी) व्यवस्थित येते, पण बेराच्या (आवाजाला श्रवण-मज्जातंतूकडून मिळणारा प्रतिसाद नोंदवणाऱ्या चाचणीच्या) आलेखात एकही लहर दिसत नाही. याचा अर्थ कॉक्लियातील (आंतरकर्णातील शंखाकृती भागातील) बाह्य रोमपेशी काम करत आहेत आणि दोष त्यापुढे, मज्जातंतूच्या वाटेवर असण्याची शक्यता आहे. केवळ ओ.ए.ई.वर विसंबणाऱ्या तपासणीत असे बाळ "पास" होऊन घरी जाते, आणि पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान व सहाव्या महिन्यापर्यंत उपचारांना सुरुवात हे जगभर मानले जाणारे वेळापत्रक तिथेच कोलमडते. असा विसंवाद पाहून थांबणारा आणि पुढची चाचणी कोणती करायची हे ठरवू शकणारा माणूस आपल्या जिल्ह्यात हवा आहे. म्हणून माझे मत स्पष्टपणे ऑडिओलॉजीच्या बाजूने आहे.

सटाण्याची_थेरपिस्ट:
सरांचा मुद्दा मला मान्य आहे, तरीही मी स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजी सुचवेन, कारण श्रवणयंत्र बसले किंवा कॉक्लियर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने आंतरकर्णात बसवायचे श्रवणउपकरण) झाले, तरी मूल त्यानंतर बोलायला शिकते ते थेरपीतूनच. आमच्याकडे येणारी मुले घरी अहिराणी बोलतात आणि सुरगाणा-पेठकडची कोकणा बोलतात. चार वर्षे उलटल्यावरही "काका"ऐवजी "ताता" म्हणणाऱ्या मुलाला मदतीची गरज असू शकते, पण अहिराणीचे रूप वापरणाऱ्या मुलाला दोष आहे असे म्हणणे हा त्या मुलावर अन्याय ठरतो. हा भेद नेमकेपणाने करायला भाषाविकासाचा जो सखोल अभ्यास लागतो, तो पदवीच्या वर्षांत धावताधावताच होतो. शिवाय पक्षाघातानंतर वाचा गेलेल्या आणि घास नीट गिळता न येणाऱ्या रुग्णांचे काम रुग्णालयांमध्ये मोठे आहे, आणि गिळताना अन्न श्वासमार्गात गेल्यास न्यूमोनिया होऊ शकतो, हे पाहता ते जोखमीचेही आहे. प्रबंधासाठी आपल्या भागातील मुलांच्या बोलीचा विषय घेतलात, तर परतल्यावर तो रोजच्या कामात उपयोगी पडेल.

मैसूरू_एमएस्सी:
दोन्ही विषयांत कामाला तोटा नाही. त्यामुळे प्रवेश घेण्यापूर्वी तिथल्या विद्यार्थ्यांना हे अवश्य विचारा की एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याला नव्या रुग्णाचे निदान स्वतः मांडू देतात की तो केवळ वरिष्ठांच्या शेजारी बसून टिपणे घेतो. मैसूरूला येणार असाल, तर लहान मुलांशी बोलण्यापुरते कन्नड आधीच शिकायला घ्या, कारण खेळत असलेल्या मुलाशी दुभाष्यामार्फत बोलता येत नाही. पदवी मिळाल्यावर आपल्या क्षेत्रातील व्यावसायिकांची नोंदणी करणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेकडील आपल्या नोंदणीत वाढीव अर्हता लगेच नोंदवून घ्या.