बिझनेस इमिग्रेशन लॉमध्ये करिअर, रत्नागिरीतून कोणी केलंय का?

मिऱ्याबंदर
नमस्कार मंडळी. तीन वर्षांच्या एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे, रत्नागिरीतच. बाबांचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे त्यामुळे शाळेपासून लोकांचे पासपोर्टचे फॉर्म भरतेय, कोणाचं आडनाव दाखल्यावर पारकर तर आधारवर परकार, कोणाच्या जन्माची नोंद ग्रामपंचायतीत सापडतच नाही, हे आमच्याकडे रोजचं. दादा पुण्यात आयटीत आहे, गेल्या वर्षी त्याची अमेरिकेची एल-वनची (कंपनी आपल्याच माणसाला तिकडच्या ऑफिसात पाठवते तो व्हिसा) फाइल झाली तेव्हा कागद मागणारे मेल यायचे ते लिहिणारी मुलगी साताऱ्याची निघाली, एलएलबी. तेव्हापासून हे, म्हणजे कंपन्यांसाठी परदेशी व्हिसाचं वकिली काम, डोक्यात बसलंय. पण इथे सिनियरना विचारलं तर म्हणतात व्हिसा म्हणजे एजंटगिरी, त्याला काळा कोट कशाला, आता कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय तिकडे बघ. बाबांचंही तेच, सनद काढ आणि कोर्टात उभी राहा.

तर हे खरंच वकिलाचं काम आहे का? अमेरिकेत जाऊन एलएलएम (कायद्यातली मास्टर्स) करावंच लागतं का (तेवढे पैसे नाहीत, आंब्याची सगळी कलमं विकली तरी नाहीत)? आणि कधीतरी परत येऊन इथे बसून करता येईल का?

सावर्डेकरीण
मी सहा वर्षं मुंबईत एका अमेरिकन लॉ फर्मचं काम केलंय, मूळची चिपळूणकडची. सरळ सांगते, सही तुझी नसते. ज्या देशाचा कायदा त्या देशाचं लायसन्स. अमेरिकेच्या अर्जावर सही तिथल्या अटर्नीची, आपण इथे बसून फाइल उभी करतो. पण फाइल उभी करणं म्हणजे फॉर्म भरणं नव्हे, तुझ्या सिनियरांचा गैरसमज तिथेच आहे.

एच-वन-बी घे, अमेरिकेतल्या कंपनीत नोकरीचा व्हिसा. वर्षाला असे ६५,००० आणि अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी वर २०,०००. मार्चमध्ये रजिस्ट्रेशन, लॉटरीत नाव निघालं की १ एप्रिलपासून पिटिशन, नोकरी सुरू १ ऑक्टोबरला. पिटिशनच्या आधी एलसीए, म्हणजे कंपनीने तिथल्या कामगार खात्याला लेखी द्यायचं की त्या भागात त्या कामाला जो पगार चालतो त्याहून कमी देणार नाही, खातं ते कामकाजाच्या ७ दिवसांत बघतं. पुढे पत्र. हे काम विशिष्ट विषयाची डिग्री असल्याशिवाय होतच नाही हे त्या पत्रात पटवायचं असतं. पोरगा मेकॅनिकल इंजिनियर आणि काम डेटा ॲनालिस्टचं, की आलीच आरएफई, म्हणजे आणखी पुरावे द्या. बीएस्सी तीन वर्षांची असली की ती तिथल्या चार वर्षांच्या डिग्रीच्या बरोबरीची कशी हे वेगळं दाखवायचं.

तुझ्या दादाच्या एल-वनला लॉटरी नाही, मर्यादा नाही, पण गेल्या तीन वर्षांत सलग एक वर्ष त्याच कंपनीत बाहेरच्या देशात काम झालेलं लागतं, आणि तो मॅनेजर नसेल तर त्याच्याकडे कंपनीचं खास ज्ञान आहे हे दाखवावं लागतं. मी एकाशी दीड तास फोनवर होते, तुम्ही नेमकं काय करता विचारलं की म्हणायचा मॅडम मी तिकिटं (आलेल्या तक्रारी) क्लोज करतो. तीनदा तेच. शेवटी बोलता बोलता कळलं की कंपनीच्या स्वतःच्या बिलिंग सिस्टीमचा एक अख्खा भाग त्यानेच लिहिलाय आणि बाकी कोणाला तो उघडता येत नाही. अगं मग हे आधी सांगायचं ना! ते काढून घेणं हेच काम. उलटतपासणीच आहे ती, फक्त साक्षीदार आपल्या बाजूचा. पारकर-परकार सोडवलेली मुलगी इथे उपयोगी पडते, गंमत नाही करत. पासपोर्टात आडनावाची जागा रिकामी असली तर अमेरिकेचा व्हिसा एफएनयू (फर्स्ट नेम अननोन) या नावाने येतो आणि मग तो माणूस बँकेत, लायसन्सला, सगळीकडे मिस्टर एफएनयू.

आता वाईट बाजू. मार्च ते जून जीव जातो, रात्री अमेरिकेचे कॉल. पहिला पगार ऐकून आई म्हणाली यात ठाण्यात खोली तरी मिळते का. आणि धंदा दुसऱ्याच्या राजकारणावर चालतो, सप्टेंबर २०२५ मध्ये बाहेरून नव्याने येणाऱ्या एच-वन-बीवर १ लाख डॉलर लावले तेव्हा आमच्या ग्रुपवर दोन दिवस दुसरं काही नव्हतं. एक मात्र लक्षात ठेव, पूर्णवेळ पगारी नोकरी धरलीस तर बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे वकिली करता येत नाही, कळवून सनद थांबवावी लागते. म्हणून आधी सनद आणि एआयबीई (बार कौन्सिलची वकिलीची परीक्षा) उरकून घे, परत येशील तेव्हा ती सुरू करता येते.

एलएलएमचं म्हणशील तर, न्यूयॉर्कच्या बारच्या, म्हणजे तिथल्या वकिलीच्या, परीक्षेला आपले बहुतेक जण एलएलएम करून बसतात, कॅलिफोर्नियात सनद असलेल्या परदेशी वकिलाला त्याशिवायही बसता येतं. आणि इमिग्रेशन केंद्राचा कायदा असल्यामुळे एका राज्याचं लायसन्स देशभर चालतं. पण हे पहिल्या दिवशी लागत नाही, आधी दोन वर्षं काम कर आणि आवडतंय का बघ.

हर्णै_ते_कुवेत
बाय, तू शिक आणि इथेच ये. मी फिटर, २२ वर्षं बाहेर होतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा एजंटाने लाखाच्या वर घेतले, वर्क व्हिसा सांगून व्हिजिटवर पाठवला आणि तिथे उतरल्यावर कळलं कंपनीच नाय. परत येऊन वकील शोधला तर दापोलीत एक म्हणाला हे माझं काम नाय, खेडला दुसरा म्हणाला पोलिसात जा, पोलीस म्हणाले मुंबईला जा. आपल्याकडे एमिग्रेशन ॲक्ट १९८३ पासून आहे, एजंटाला लायसन्स लागतं, ३०,००० आणि वर जीएसटी याच्यापेक्षा जास्त घेता येत नाय, सरकारच्या ई-मायग्रेट साइटवर त्याचं नाव दिसतं की नाय ते पण बघता येतं. दहावी नापासाला ईसीआर पासपोर्ट, म्हणजे त्या १८ देशांत नोकरीला जायचं तर आधी क्लिअरन्स. हे सगळं मला कधी कळलं, परत आल्यावर. गावात दर दुसऱ्या घरातला माणूस बाहेर आहे आणि हे सांगणारा वकील एक पण नाय.

सावर्डेकरीण
काका पटतंय, पण ती विचारतेय ते कंपन्यांच्या बाजूचं काम, हे थोडं वेगळं आहे. पोट कंपनीच्या कामावर भरतं.

हर्णै_ते_कुवेत
माणूस तोच ना गो पाठवायचा.

लंडनात_आंबोळी
मालवणचा, सध्या लंडन. सगळे अमेरिकेवरच का अडकलेत? सनद असलेल्या भारतीय वकिलाला इथे सॉलिसिटर व्हायला एलएलएम लागत नाही, एसक्यूई नावाची परीक्षा आहे, २०२१ पासून. पहिल्या भागात १८०-१८० प्रश्नांचे दोन पेपर, सगळे पर्यायवाले, दुसऱ्यात लेखी आणि तोंडी. इतरांना दोन वर्षांचा कामाचा अनुभव दाखवावा लागतो तो आधीच वकील असलेल्याला माफ. फी मात्र रडवते. इथलं काम म्हणजे कंपनीचं स्पॉन्सर लायसन्स (बाहेरची माणसं कामाला आणायचा परवाना) सांभाळणं, रेकॉर्ड नीट नसेल तर गृहखातं लायसन्सच काढून घेतं आणि मग सगळ्यांचे व्हिसा लटकतात. जुलै २०२५ मध्ये स्किल्ड वर्कर व्हिसाला लागणारा कमीत कमी पगार साधारण ४१,७०० पाउंडांवर नेला, तेव्हा एका हॉटेलवाल्याला फोनवर समजावताना मलाच घाम फुटला, निम्मा स्टाफ त्याच्या खाली. आणि लायसन्स किंवा रजिस्ट्रेशन नसताना सल्ला देणं इथे गुन्हा आहे, त्यामुळे इथे आलीस तर लायसन्सशिवाय सल्ला द्यायच्या भानगडीत पडू नकोस.

गुहागर_नाका
उलटी बाजू कोणी बोललंच नाही, बाहेरून इथे येणारे. त्याला तुझी इथलीच सनद पुरते, तिसऱ्या प्रश्नाचं (इथे बसून करता येईल का) उत्तर मला तरी हेच वाटतं. एन्रॉनच्या (दाभोळच्या वीज प्रकल्पाच्या) वेळी वडील तिकडे स्टोअरला होते, परदेशी इंजिनियरांच्या नोंदीसाठी गाडी रत्नागिरीला एसपी ऑफिसला जायची, कारण जिथे एफआरआरओ (परदेशी नागरिकांच्या नोंदणीचं केंद्राचं ऑफिस) नाही तिथे एसपीच परदेशी नागरिकांचे नोंदणी अधिकारी. आता बरंचसं ऑनलाइन. १ सप्टेंबर २०२५ पासून नवीन इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट लागू झालाय, १९४६ च्या फॉरेनर्स ॲक्टसकट चार जुने कायदे गेले, म्हणजे जुन्या वकिलांना पण पहिल्यापासून वाचायचंय, तू आणि ते एकाच रेषेवर. एम्प्लॉयमेंट व्हिसाला वर्षाला १६.२५ लाख पगाराची अट, १८० दिवसांपेक्षा जास्तीचा व्हिसा असेल तर १४ दिवसांत नोंदणी. लोटेच्या कारखान्यात मशीन बसवायला परदेशी टेक्निशियन आला की तो बिझनेस व्हिसावर चालेल की एम्प्लॉयमेंट लागेल यावर एचआरवाले गुगल करत बसतात, मी बघितलंय. आणि गणपतीपुळ्यापासून तारकर्लीपर्यंतच्या होमस्टेवाल्यांना विचार, परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांत ऑनलाइन कळवायचं असतं ते किती जणांना माहीत आहे. त्यात मोठे पैसे नाहीत, पण ओळखी तिथूनच होतात.

मिऱ्याबंदर
सगळ्यांचे आभार, दोनदा वाचलं. ठरवलंय की आधी सनद आणि एआयबीई, मग दोन-तीन वर्षं मुंबई, तोपर्यंत नवीन ॲक्ट मराठीत नोट्स काढून वाचते. सावर्डेकरीण ताई, तुम्हाला सीव्ही पाठवला तर चालेल का?

बाबांना नियम ४९ वाचून दाखवला तर म्हणाले म्हणजे सनद काढून ती परत कपाटात ठेवायची? आणि काका, आज सकाळीच दुकानात एक जण आले, मुलाला ओमानला पाठवतायत, एजंटाने ऐंशी हजार सांगितलेत. ई-मायग्रेटवर बघितलं, नाव नाही. त्यांना म्हटलं पैसे देऊ नका, संध्याकाळी मुलाला घेऊन या.