प्रौढांसाठी नाळेचं रक्त: आधी पेशी मोजा, जुळणी नंतर

सूक्ष्मदर्शी:
ल्युकेमियाच्या रुग्णाला ना भावंड जुळतं, ना नोंदणीतला दाता मिळतो, तेव्हा नाळेतल्या रक्ताचा विषय निघतो. नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘सहापैकी किती जुळलं?’ (म्हणजे रुग्ण आणि दाता यांच्या पेशींवरच्या ओळखखुणा, एचएलए, सहा जागी ताडून.) मोठ्या माणसासाठी हा प्रश्न दुसरा असायला हवा, असं माझं ठाम मत आहे. 1988 मध्ये पॅरिसला एल्यान ग्लुकमन यांनी पहिलं प्रत्यारोपण केलं ते एका लहान मुलावर, आणि पुढे बरीच वर्षं हा मुलांचाच उपचार राहिला. हिशेब बघा. किलोमागे अडीच कोटी पेशी धरल्या तर 15 किलोच्या पोराचं 38 कोटींत भागतं. 70 किलोच्या माणसाला 175 कोटी लागतात. तेवढं भरलेलं युनिट, म्हणजे एका बाळाच्या नाळेतल्या रक्ताची पिशवी, शोधूनच काढावं लागतं. पेशी कमी पडल्या की पांढऱ्या पेशी वर यायला आठवडे लागतात आणि तोवर संसर्ग गाठतो. त्यातही एकूण आकड्यावर भुलू नये, सीडी34 पेशी, म्हणजे नवं रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी, बघाव्यात. किलोमागे निदान दीड लाख.

तिखटमीठ:
असहमत! 2014 च्या एका मोठ्या अभ्यासात दीड हजारांवर रुग्णांची एचएलए आठ जागी बारकाईने तपासली होती. जुळणी जितकी कमी, तितके उपचारानेच दगावणारे जास्त. तुमची ती सहाची मोजणी एचएलएच्या ए आणि बी या जागा वरवर बघते, सी तर बघतच नाही. ‘सहापैकी पाच’ म्हणून आणलेलं युनिट आठांत चारवर घसरू शकतं.

सूक्ष्मदर्शी:
आठांत मोजा, त्याला माझी ना नाही. पण त्या अभ्यासात बहुतेक मुलं होती. मुलांना पेशी मुबलक मिळतात, म्हणून जुळणीचे नखरे परवडतात. मोठ्यांसाठी डोसमध्ये बसणारी युनिटं आधी वेगळी काढा, मग त्यांच्यात जुळणी लावा. शिवाय रुग्णाच्या रक्तात त्या युनिटविरुद्ध अँटीबॉडी आहेत का ते बघा, आणि बँक कोणती तेही. गोठवताना मोजलेल्या पेशींपैकी वितळवल्यावर जिवंत किती निघतात, हे बँकेच्या कामावर असतं.

मिनेसोटाकर:
एक पुरत नसेल तर दोन द्या की! आमच्या इथल्या मिनेसोटा विद्यापीठाने प्रौढांसाठी हीच वाट रुळवली. शेवटी तग एकच धरतं, पण मोठ्या माणसांचं प्रत्यारोपण त्यामुळेच शक्य झालं.

तिखटमीठ:
आणि खर्च दुप्पट! पुरेसा डोस असलेल्या मुलांमध्ये एक विरुद्ध दोन अशी चाचणी झाली, निकाल 2014 मध्ये आला. वर्षभरानंतर एकवाले 73 टक्के जिवंत, दोनवाले 65. दुसऱ्याचा फायदा दिसला नाही, जीव्हीएचडी, म्हणजे दात्याच्या पेशींनी रुग्णाच्याच शरीरावर केलेला हल्ला, मात्र वाढला. जपानात मोठ्यांनाही सर्रास एकच देतात.

मिनेसोटाकर:
जपानी रुग्णांचं सरासरी वजन बघा, मग बोला.

काथ्याकूट:
आम्ही मुलीच्या जन्माच्या वेळी नाळ खासगी बँकेत ठेवली होती. तिला पुढे काही झालं तर तीच चालेल ना?

सूक्ष्मदर्शी:
ल्युकेमियासाठी नाही. रोगाचं बीज त्या पेशींतही असू शकतं, आणि कर्करोगावर तुटून पडायला परक्या पेशी लागतात. आयसीएमआर ही सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थाही अशी खासगी साठवण करा म्हणत नाही.

गावठी_गणित:
अहो, युनिट निवडायचंच कशाला? अर्धी जुळणी असलेला बाप, मुलगा, भाऊ घरात बसलाय. अमेरिकेतल्या 368 प्रौढांच्या चाचणीत (2021) दोन वर्षांनी हॅप्लोवाले, म्हणजे अशा अर्ध्या जुळणीच्या नातेवाइकाच्या पेशी घेतलेले, 57 टक्के जिवंत होते, दोन युनिटवाले 46. आपल्याकडे हॅप्लो स्वस्तही पडतं.

सूक्ष्मदर्शी:
तो आकडा मला मान्य आहे. फक्त चाचणीचा मुख्य निकष होता रोग न बळावता जगणं, आणि त्यात ठोस फरक निघाला नव्हता. केमोही सौम्य होती. उलट सिअ‍ॅटलचा 2016 चा अभ्यास बघा: प्रत्यारोपणाआधी थोडा रोग शिल्लक असलेल्यांत नाळेच्या रक्तानंतर रोग उलटण्याचं प्रमाण कमी होतं. घरात दाता असेल आणि रोग पूर्ण आटोक्यात असेल तर हॅप्लो, माझी हरकत नाही. रोग शिल्लक असेल तर मी नाळेचं युनिट शोधेन, आणि सीडी34 चा रकाना आधी वाचेन.

गावठी_गणित:
सिअ‍ॅटलचा अभ्यास मागे वळून जुन्या नोंदी तपासणारा, माझी चाचणी चिठ्ठ्या टाकून केलेली. मी हलणार नाही.