अनुभव धागा: नेपाळात कुष्ठरुग्णांची सेवा

नेपाळच्या डोंगराळ भागातल्या मिशन दवाखान्यांत सेवेला जाणाऱ्या आपल्या मंडळींसाठी हा धागा. साक्ष उपासनेत द्यावी, इथे हाताला उपयोगी पडेल तेवढंच लिहावं. आधी कायदा. नेपाळच्या 2015 च्या संविधानात (कलम 26) दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई आहे. फौजदारी कायद्यात त्यासाठी 5 वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजार रुपयांपर्यंत दंड आहे. औषधाच्या पुडीत धर्मप्रचाराचं पत्रक घालू नका. कायदा नसता तरी घालू नये, कारण दुखणाईत माणूस आपल्यावर अवलंबून असतो, त्याला नाही म्हणता येत नाही. तिथे कृपेला किंमत लावल्यासारखं होतं.

परिचारिका, मिरज

बहुतेक वेळ पायांवर जातो. रोज 20 मिनिटं साध्या गार पाण्यात पाय भिजवायचे. गरम पाणी कधीच नको. कुष्ठरोगाने नसा गेलेल्या बधिर पायाला चटका कळत नाही, फोड आल्यावरच दिसतो. मग ओल्या पायावरचा घट्टा खरबरीत दगडाने हलक्या हाताने घासायचा. ब्लेड रुग्णाच्या हाती देऊ नये. पाणी निथळू द्यायचं, पुसून कोरडं करायचं नाही, लगेच खोबरेल किंवा मोहरीचं तेल चोळायचं म्हणजे ओल आत राहते. उघडी जखम असेल तर तो पाय भिजवू नका; धुऊन, स्वच्छ पट्टी बांधून विश्रांती. तळपायाची जखम मलमाने बरी होत नाही, तिच्यावरचा भार कमी झाला की होते. इथेच बहुतेकांचं चुकतं: पट्टी रोज बदलतात आणि रुग्ण त्याच पायाने उतार उतरून घरी जातो.

हे करताना खाली बसा, पाय स्वतःच्या मांडीवर घ्या. योहानाच्या तेराव्या अध्यायात प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, ते याच उंचीवरून. ज्याला वर्षानुवर्षं कुणी शिवलेलं नाही, त्याला हा स्पर्श औषधाइतकाच लागतो. हातमोजे जखमेपुरते घाला. अखंड कातडीला मोकळा हात लावा.

थंडीत लोक चुलीला टेकून बसतात. पाय दिसत राहतील असे बसवा, धातूच्या पेल्याला फडकं गुंडाळायला शिकवा.

चर्मकाम शिकवणारे, अमरावती जिल्हा

वहाणेचा तळ मायक्रोसेल्युलर (बारीक छिद्रांच्या मऊ) रबराचा, 10 ते 12 मिलिमीटर जाड. अंगठा आणि बोटात दाबल्यावर निम्मा दबला पाहिजे. त्याहून कडक नको, अगदी मऊ असला तर महिन्यात बसतो. खाली टायरचा कडक थर. खिळा एकही नाही, सगळं शिवून आणि चिकटवून. टाचेमागे पट्टा हवाच, नाहीतर बोटं वहाण धरून ठेवायला आखडतात आणि टोकांना जखमा होतात. नवी वहाण पहिल्या दिवशी अर्धा तासच. काढल्यावर पाय तपासायचा, लाल चट्टा दिसला तर तिथला पट्टा सैल करायचा. आणि दिसायला ती बाजारातल्या वहाणेसारखीच करा. ‘रोग्याची चप्पल’ म्हणून ओळखू आली की घरी खुंटीला लागते.

औषध-वाटप पाहणारे, पुणे

कुष्ठरोगाच्या गोळ्यांपैकी क्लोफॅझिमिनने कातडी काळवंडते, रिफॅम्पिसिनने लघवी लालसर होते. हे पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर माणूस घाबरून गोळ्या सोडतो. गेल्या 6 महिन्यांत नव्याने बधिरपणा आला असेल किंवा हाताची ताकद गेली असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे. वेळेत स्टेरॉइड (नसेची सूज उतरवणारं औषध) मिळालं तर नस वाचू शकते.

तारखा विक्रम संवतात येतात. त्यांचं ‘साउन’ सौर महिना, जुलैच्या मध्यावर सुरू होतो. आपला श्रावण समजून मात्रेचा हिशेब लावू नका.

भाषा शिकवणारे, नाशिक

लिपी आपलीच, म्हणून गाफील राहू नका. वडीलधाऱ्याला ‘तपाईं’, ‘तिमी’ सलगीचं, ‘तँ’ अपमानाचं. आपल्या ‘तू’च्या सवयीने तोंडातून ‘तिमी’ निसटतं. ‘दाइ’, ‘दिदी’, ‘बा’, ‘आमा’ म्हणून हाक मारा. पाय म्हणजे ‘खुट्टा’, जखम म्हणजे ‘घाउ’. ‘दुख्छ?’ एवढंच विचारून थांबू नका. ‘दुख्दैन’ (दुखत नाही) हे उत्तर इथे चांगली बातमी नसते; पाय उचलून तळवा बघा.