आईला पंढरपूरला न्यायचंय, दीड दिवसात काय काय होईल?

ठाणेकर_लेक:
नमस्कार मंडळी. आई ७४ वर्षांची आहे, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालीयेत, आणि गेली कितीतरी वर्षं एकच म्हणते की एकदा विठोबाच्या पायावर डोकं ठेवायचंय. वारी तर आता शक्य नाही. मार्गशीर्षात न्यायचं ठरवतेय, शनिवारी पोचायचं आणि रविवारी संध्याकाळी निघायचं. पदस्पर्शाच्या रांगेत ती उभी राहू शकेल का हीच मोठी काळजी आहे. मुखदर्शन घेतलं तर तिला हुरहूर लागेल का? आणि देवळाशिवाय अजून काय दाखवू? कुणी म्हातारं माणूस घेऊन गेलं असेल तर सांगा प्लीज.

भीमाकाठ:
ताई, पहिली गोष्ट म्हणजे एकादशी आणि तिच्या आजूबाजूचे दिवस टाळा, दर महिन्याच्या एकादशीलाही गर्दी असतेच. शक्य असेल तर शनि-रवी सोडून मधल्या वारी जा. आम्ही सासूबाईंना मंगळवारी नेलं होतं, पहाटे काकड्यानंतर रांगेत लागलो, फोल्डिंग स्टूल बरोबर होतं त्यामुळे रांग थांबली की त्या बसायच्या. ज्येष्ठांसाठी काय सोय आहे ते आदल्या दिवशी मंदिर समितीच्या ऑफिसात स्वतः जाऊन विचारा. बाहेर कुणी पैसे घेऊन लगेच दर्शन करून देतो म्हणालं तर ऐकू नका, आम्ही एकदा फसलोय, माणूस पैसे घेऊन गर्दीत गेला तो गेलाच.

आणि पायावर डोकं ठेवायला सेकंदच मिळतात हे आईंना आधी सांगून ठेवा. तुळस आधीच हातात काढून ठेवायला सांगा, पिशवीत शोधत बसलं की तेवढ्यात पुढे सरकवतात. सासूबाई बाहेर आल्या तेव्हा कपाळाला बुक्का लागला होता, तो त्यांनी दिवसभर पुसू दिला नाही.

बुक्का_तुळस:
मुखदर्शनाने हुरहूर लागेल असं वाटत असेल तर आईंना नामदेव पायरीपाशी जरा वेळ बसवा. महाद्वारातली ती पहिली पायरी, तिच्यावर कुणी पाय देत नाही, बाजूने चढतात. संतांच्या पायाची धूळ लागावी म्हणून नामदेवरायांनी तीच जागा मागून घेतली असं सांगतात. आणि समोरच चोखोबांची समाधी. मंगळवेढ्याला कुसू कोसळून चोखोबा गेले, ज्या अस्थींतून विठ्ठल विठ्ठल ऐकू येत होतं त्या नामदेवांनी इथे आणल्या अशी कथा. हयातीत त्यांना आत जाता आलं नाही आणि समाधीही दाराबाहेरच, मला तिथे दरवेळी भरून येतं. दलितांना मंदिर खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात याच पंढरपुरात उपोषण केलं, तेव्हा कुठे दार उघडलं. म्हणून सांगते, लांबून विठोबाला बघणंही कमी नाही हो, चोखोबांना तर तेवढंही मिळालं नव्हतं.

रांगेत गेलातच तर सोळखांबीत चांदीने मढवलेला गरुडखांब आहे, त्याला मिठी मारतात, आईंना सांगा. रखुमाई मागे वेगळ्या गाभाऱ्यात आहे, गडबडीत राहून जाते कुणाकुणाची.

गोपाळकाला:
मार्गशीर्षात जाताय ना, मग विष्णुपद चुकवू नका!! या महिन्यात देव तिथे मुक्कामाला असतो अशी श्रद्धा आहे, लोक डबे घेऊन जातात आणि नदीकाठी बसून जेवतात, आईंना फार आवडेल. खडकावर देवाची आणि गाईंची पावलं उमटलेली दाखवतात. गोपाळपूरही त्याच बाजूला, रिक्षा करा. तिथे जनाबाईचं जातं आहे, आमची आजी त्या जात्याच्या खुंट्याला हात लावून ओवी म्हणायला लागली आणि मागच्या अनोळखी बायकांनी पुढची ओळ उचलली, मी लहान होतो पण अजून आठवतं. फक्त गोपाळपूरला पायऱ्या आहेत, गुडघ्यांचं बघा.

पुंडलिकाचं देऊळ वाळवंटात आहे, आधी चंद्रभागा, मग पुंडलिक, मग विठोबा असा जुना क्रम. घाटाच्या पायऱ्या उतरवत नसतील तर वरूनच हात जोडा, आणि उजनीतून पाणी सोडलेलं असेल तर खाली जाऊच नका.

ठाणेकर_लेक:
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, वाचून दाखवलं आईला. चोखोबांचं ऐकून ती गप्प झाली, मग म्हणाली आधी त्यांच्या पाया पडू, रांगेचं नंतर बघू. रजा टाकून मंगळवार-बुधवार करतेय. कुर्डुवाडीला उतरून पुढे गाडी करू, पन्नासेक किलोमीटर आहे. आजच दुपारी फोल्डिंग स्टूल आणलं.